चाकाचे कूळ



वैशाखातला दिवसभराचा ताप सोसून आपण संध्याकाळी येथे येऊन बसला आहात. अशा वेळी वक्त्याने काही तरी शीतल सांगावे, हा श्रोत्यांचा हक्कच आहे. आम्ही मात्र व्याकरणाचा विषय घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. व्याकरण म्हटले की पुष्कळांना शाळेतले पाठांतर आणि गुरुजींची छडी आठवते. पण भिण्याचे कारण नाही. आम्ही आज एकाच शब्दाची हकीकत सांगणार आहोत. शब्द अगदी लहान आहे. संस्कृतात त्याला चक्र म्हणतात. आपण घरी चाक म्हणतो.

एक साधे वाक्य घ्या: ‘कॉलनीतला मुलगा सायकलवरून चक्कर मारून आला.’ यातला मुलगा सोडला तर तीन नामे उरतात. कॉलनी हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला आणि तेथून आपल्याकडे. सायकल हा मुळात ग्रीक. तो लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी अशी मजल दरमजल करीत आला. चक्कर हे आपल्या चक्राचेच बोलीतले रूप. तीन वाटांनी आलेले हे तीन पाहुणे. पण हजारो वर्षांपूर्वी ते एकाच घरातून बाहेर पडले होते, असे भाषाशास्त्र सांगते. आपल्या गल्लीत ते पुन्हा एकत्र आले, पण कोणी कोणाला ओळखले नाही.

ही ओळख कशी पटते, तिच्यावरून काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, एवढाच आजचा विषय आहे. त्यातला ‘काय सिद्ध होत नाही’ हा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण तो विसरल्यामुळे या शास्त्राच्या नावाखाली जगात फार मोठा अनर्थ होऊन गेला आहे.

पहिली गोष्ट अशी, की शब्दांचे नाते चेहऱ्यावरून ठरत नाही. आपल्याकडे बदनाम, बदफैली या शब्दांत ‘बद’ येतो. तो फारसीतला. इंग्रजीत त्याच अर्थाचा ‘बॅड’ आहे. उच्चार जवळजवळ तोच, अर्थ तोच. कोणीही म्हणेल, हे सख्खे भाऊ! पण त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. दोघांची कुळे निराळी आहेत आणि साम्य केवळ योगायोगाचे आहे. उलट चाक आणि इंग्रजी ‘व्हील’ यांच्यात एकही वर्ण समान नाही, तरी ते एकाच आजोबांचे नातू आहेत. घरचेच उदाहरण हवे असेल तर चाकर, चाकू आणि चाकोरी हे तीन शब्द कोशात जवळजवळ सापडतील. चाकर फारसीतून आला, चाकू तुर्कीतून फारसीमार्गे आला. त्यांचा चाकाशी संबंध नाही. चाकोरी तेवढी चाकाची खरी लेक, कारण गाडीच्या चाकांनी रस्त्यात पाडलेली खोल रेघ ती चाकोरी. तेव्हा शब्द ऐकल्याबरोबर ‘हा त्यावरूनच आला’ असे म्हणणे म्हणजे दोन माणसांची नाके सारखी दिसतात म्हणून त्यांना एका सातबाऱ्यावर चढविण्यासारखे आहे.

मग नाते ठरते कशावरून? ते ठरते नियमित फरकावरून. दोन भाषांत एका ध्वनीच्या जागी दुसरा ध्वनी एकदाच नव्हे, तर शब्दामागून शब्दात सापडला पाहिजे. याकोब ग्रिम या जर्मन पंडिताने १८२२ साली असा एक नियम मांडला. लॅटिनमध्ये जेथे शब्दारंभी ‘क’ आहे तेथे इंग्रजी-जर्मन घराण्यात ‘ह’ येतो. लॅटिन ‘केन्तुम्’ म्हणजे शंभर, इंग्रजी ‘हंड्रेड’. लॅटिन ‘कोर्नू’ म्हणजे शिंग, इंग्रजी ‘हॉर्न’. ‘क्व’ असेल तर ‘ह्व’ येतो. आता इंग्रजी ‘व्हील’चे जुने रूप पाहा, ते ‘ह्वेओल’ असे होते. आरंभीच्या ‘ह्व’ला नियमाप्रमाणे मागे नेले की ‘क्व’ मिळतो. ग्रीकमध्ये चाकाला किंवा वर्तुळाला ‘कुक्लोस्’ म्हणतात; तेथे ‘क्व’मधला व विरघळून उ झाला आहे. आजच्या चीनमधील तारीम खोऱ्यात वाळूखाली गाडल्या गेलेल्या बौद्ध पोथ्या विसाव्या शतकाच्या आरंभी उजेडात आल्या. त्यांतल्या तोखारी भाषेत ‘कोकले’ म्हणजे गाडा. लिथुआनियन भाषेत ‘काक्लास्’ म्हणजे मान, कारण मान ही फिरणारी वस्तू आहे. आणि आपले चक्र तर आहेच.

हे सगळे साक्षीदार समोरासमोर उभे केले आणि प्रत्येकाच्या भाषेचा नियम लक्षात घेऊन मागे मागे गेले, म्हणजे एक मूळ रूप हाती लागते: ‘क्वेक्वलोस्’. यातले ‘ए’ आपण ऱ्हस्व उच्चारावे. हे रूप कोणत्याही शिलालेखात नाही की पोथीत नाही. म्हणून पंडित त्याच्यापुढे एक तारा छापतात. त्या ताऱ्याचा अर्थ असा, की हे रूप आम्ही वाचलेले नाही, पुराव्यावरून अनुमानिले आहे. शास्त्राचा प्रामाणिकपणा त्या लहानशा ताऱ्यात आहे, आणि त्या ताऱ्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याच्या हाती हे शास्त्र देऊ नये.

या रूपात ‘क्वेल्’ हा धातू दोनदा आला आहे. त्याचा अर्थ फिरणे, वळणे. फिरते, फिरतच राहते, ते चाक. आपणही ‘गरगर’, ‘भिरभिर’ असेच म्हणतो. या धातूची बाकीची संततीही पाहण्यासारखी आहे. संस्कृतात त्याचा ‘चर्’ झाला. त्यापासून चरणे, चारा, संचार, आचार, विचार, चरित्र. ग्रीकमध्ये ‘पोलोस्’ झाला, म्हणजे ज्याच्याभोवती आकाश फिरते तो आस. इंग्रजीतला ‘नॉर्थ पोल’ तो हाच. ग्रीक भाषेत गुराख्याला ‘बूकोलोस्’ म्हणतात. त्यातला ‘बू’ म्हणजे आपला गो, आणि ‘कोलोस्’ हा आपल्या चर्‌चा भाऊ. म्हणजे ग्रीक गुराखी आणि आपला ‘गोचर’ हा शब्द एकाच जोडीने घडलेले आहेत. लॅटिनमध्ये ‘कोलेरे’ झाला. त्याचा अर्थ एखाद्या जागी वावरणे, मग वस्ती करणे, मग जमीन कसणे असा सरकत गेला. कल्पना येण्यापुरते आपले ‘वावरणे’ आणि शेताला म्हणतात ते ‘वावर’ शेजारी ठेवून पाहा. कसणारा तो ‘कोलोनुस्’, त्याची वसाहत ती ‘कोलोनिया’. जर्मनीतले कोलोन शहर हे अशाच एका रोमन वसाहतीचे नाव टिकवून आहे, आणि आपल्या गावाबाहेरची कॉलनीही. ‘कल्चर’ हा शब्दही याच कोलेरेपासून. तेव्हा आपला आचार आणि इंग्रजांचे कल्चर हे शब्द एकाच धातूवर उभे आहेत.

येथपर्यंत श्रोत्यांपैकी काहींच्या मनात एक विचार आला असेल, आणि तो आम्ही पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. विचार असा, की हे सारे शब्द संस्कृतासारखे दिसतात, तेव्हा संस्कृत हीच या सर्व भाषांची जननी. उगाच ताऱ्याचे रूप कल्पिण्याचे कारण काय? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळता कामा नये. पूर्वीच्या युरोपीय पंडितांनाही तसेच काहीसे वाटत असे. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वात नसेल, असे सांगितले होते. तरी पुढची पिढी संस्कृताच्या तेजाने इतकी दिपली, की आउगुस्ट श्लायखर याने १८६८ साली मूळ भाषेत म्हणून मेंढी आणि घोडे यांची एक छोटी गोष्ट रचली, तेव्हा तिच्यात बहुतेक सगळीकडे संस्कृतासारखा ‘अ’च घातला.

या मताला उत्तर दिले ते चक्र शब्दातल्या ‘च’ने. ते उत्तर समजायला आपली मराठी फार उपयोगी पडते. ‘त्याचा’ हा शब्द म्हणा, आणि मग ‘त्याची’ म्हणा. अक्षर एकच, पण जीभ दोन ठिकाणी लागली. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतही तेच. पुढे ई आला की जीभ टाळूकडे ओढली जाते. आता अशी कल्पना करा, की आणखी काही शतकांनी ‘माझी’मधला ई झिजून त्याचा अ झाला, पण जिभेची टाळूकडची सवय मात्र तशीच राहिली. तेव्हाचा अभ्यासक लिहिताना दोन्हीकडे अ लिहील, पण उच्चारावरून ओळखील की येथे पूर्वी ई होता. ई गेला, पण वाळूत पाऊल उमटलेले राहिले.

संस्कृतात नेमके हेच घडले आहे. संस्कृतातल्या एका ‘अ’च्या जागी ग्रीकमध्ये तीन स्वर दिसतात. ‘अस्ति’ला ‘एस्ति’, ‘पति’ला ‘पोसिस्’, ‘अजति’ला ‘आगो’. मूळ कोणते, एक की तीन? १८७० नंतरच्या दशकात अनेक पंडितांना जवळजवळ एकाच वेळी उत्तर सापडले. त्यांनी पाहिले, की जेथे ग्रीक-लॅटिनमध्ये ‘ए’ आहे तेथे संस्कृतात क न येता च येतो; जेथे ‘ओ’ आहे तेथे क तसाच राहतो. आपले ‘च’ हे अव्यय लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे. आपला ‘कः’ लॅटिनमध्ये ‘क्वो’ने चालतो. तेव्हा च आणि क यांची निवड मनमानी नव्हे. पुढे ए होता म्हणून च झाला, आणि काम झाल्यावर तो ए नाहीसा होऊन अ झाला. चक्र या शब्दात तर दोन्ही साक्षी एकत्र आहेत. मूळचे दोन ‘क्व’. पहिल्यापुढे ए होता, त्याचा च झाला. दुसऱ्यापुढे व्यंजन होते, त्याचा क राहिला.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांना ‘कृ’चे ‘चकार’ आणि ‘गम्’चे ‘जगाम’ ही रूपे पाठ असतील. द्वित्वाच्या पहिल्या अवयवात कवर्गाचा चवर्ग होतो, हा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या सातव्या अध्यायात सांगून ठेवला आहे. काय होते ते पाणिनीने अचूक टिपले. का होते ते कळायला ग्रीक आणि लॅटिन शेजारी ठेवावे लागले. चकार, जगाम यांच्या पहिल्या अक्षरात एक जुना ए दडलेला आहे. अर्थात ग्रीकने जपलेला ए संस्कृताने गमावला. जिने एखादा दागिना हरवला, ती आपल्या मुलींना तो दागिना कसा देणार? म्हणून संस्कृत ही ग्रीकची आई नव्हे, बहीण आहे.

यात संस्कृताचा मान कमी होतो असे ज्यांना वाटते त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी या बहिणीची कामगिरी पाहावी. जर्मन घराण्यातले काही व्यंजनबदल ग्रिमच्या नियमात बसत नव्हते. त्यांचा उलगडा कार्ल व्हेर्नर या डॅनिश पंडिताने केला, तो वेदपाठातल्या उदात्त-अनुदात्त स्वरांच्या आधाराने. चक्र शब्दाचा उदात्त वेदात शेवटच्या अक्षरावर आहे, आणि ‘व्हील’च्या काही जुन्या रूपांतला ‘ग’ त्यामुळेच समजतो. वैदिक ब्राह्मणांनी हजारो वर्षे मुखाने जपलेला आघात डेन्मार्कमधल्या माणसाला जर्मन भाषेचे कोडे सोडवायला उपयोगी पडला! आपल्या मुंबईतही रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली विल्सन व्याख्यानांत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांचा याच शिस्तीने विचार केला. अभिमान धरायचा तो या जपणुकीचा आणि या शिस्तीचा; खोट्या मातृत्वाचा नव्हे.

आता दुसरा, अधिक नाजूक प्रश्न. ‘क्वेक्वलोस्’ म्हणणारे लोक होते कोण, आणि होते केव्हा? येथे चाक आपल्याला मदत करते, कारण चाक हा झाडासारखा निसर्गातला पदार्थ नाही. ते शोधून काढावे लागले. पोलंडमधील ब्रोनोचित्से येथे सापडलेल्या एका मडक्यावर चार चाकांच्या गाड्यासारखे चित्र आहे. त्याचा काळ इ. स. पू. ३५०० च्या सुमाराचा. स्लोव्हेनियात ल्युब्ल्यानाजवळच्या दलदलीत २००२ साली एक लाकडी चाक आसासकट सापडले. ते सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचे आणि ५,००० वर्षांहून जुने आहे. शिवाय चाकाचा शब्द एकटा नाही. आपले आस हे संस्कृत ‘अक्ष’, लॅटिन ‘अक्सिस्’. आपले जू हे संस्कृत ‘युग’, लॅटिन ‘युगुम्’, इंग्रजी ‘योक’. ‘रथ’ आणि लॅटिन ‘रोटा’. चाकाचा तुंबा म्हणजे ‘नाभि’ आणि जर्मन ‘नाबे’. जणू मोडून पडलेल्या एका गाडीचे भाग वेगवेगळ्या घरी सापडावेत, तसे हे आहे. तेव्हा ही भाषा बोलणारे लोक चाक माहीत झाल्यावरच पांगले, म्हणजे इ. स. पू. चौथ्या सहस्रकाच्या मध्यापूर्वी नव्हेत, असे अनुमान निघते. हित्ती भाषेत मात्र चाकाला ‘हुर्की’ असा निराळाच शब्द आहे. त्यावरून ती शाखा आधीच वेगळी झाली असावी.

याही अनुमानावर आक्षेप आहेत, आणि ते सांगितले पाहिजेत. ‘फिर’ या अर्थाचा धातू दोनदा म्हणून चाकाला नाव देणे कोणालाही सुचेल. हिब्रू भाषेचे कूळ अगदी वेगळे, तरी तिच्यात चाकाला ‘गल्गल’ म्हणतात, आणि तेथेही द्वित्व आहे. मग हे नाव प्रत्येक भाषेत स्वतंत्रपणे पडले नसेल कशावरून? समर्थक उत्तर देतात, की द्वित्व सुचेल, पण इतक्या भाषांत त्याच धातूचे तेच आखूड रूप सुचणार नाही. आणि आस, जू, तुंबा यांचे काय? आम्हांला हे उत्तर सबळ वाटते. पण तारा पुसण्याइतके सबळ म्हणू नये.

आणि येथेच ती मोठी चूक झाली, जिचा उल्लेख आम्ही आरंभी केला. शब्दांचे कूळ सापडले, तसे काहींनी त्याला माणसांचे कूळ मानले. भाषा एक तर रक्त एक, असे समीकरण मांडले. मॅक्स म्युलर यांनी १८८८ साली स्पष्ट बजावले होते, की आर्य हे नाव भाषेपुरते आहे. त्याचा हाडाशी, रक्ताशी, केसांच्या रंगाशी संबंध नाही. ते ऐकले गेले नाही. १९३३ ते १९४५ या काळात जर्मनीतल्या राज्यकर्त्यांनी त्याच शब्दाच्या नावाने लाखो माणसे ठार केली. आज प्राचीन हाडांतल्या जनुकद्रव्याची तपासणी होते; २०१५ पासून प्रसिद्ध झालेल्या अशा संशोधनाने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानातून मोठी स्थलांतरे झाल्याला आधार दिला आहे. तो पुरावा मोलाचा आहे. पण हाडे बोलत नाहीत. कोण कोठून आले एवढे ती सांगतील. त्यांच्या तोंडी कोणता शब्द होता हे ती सांगत नाहीत. आणि आलेल्यांनी व असलेल्यांनी मिळून संसार केला, हेही तीच हाडे सांगतात.

वस्तूचेही तसेच. अहिल्यानगर, पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत एक गाडी आहे; दोन बैल जुंपलेले, हाकणारा उभा. चाके स्पष्ट आहेत. पण ती ओतणारा कारागीर चाकाला काय म्हणत होता, हे ब्राँझवर उमटलेले नाही. चाक एकाचे, शब्द दुसऱ्याचा, गाडी हाकणारा तिसराच, असे जगात नेहमी घडते. आम्ही आज मराठी बोलणारे कोणाकोणाचे वंशज आहोत याचा हिशेब चाक या शब्दावरून कोणी मांडू लागला, तर त्याने ‘सायकल’ म्हणणाऱ्यांना ग्रीकांचे वंशज म्हणायलाही तयार असले पाहिजे!

शब्द रक्तातून येत नाहीत. ते तोंडातून कानात जातात. याचे सुंदर उदाहरण आपल्या ध्वजावर आहे. इराणी भाषांत चक्राचे ‘चख्र’ झाले, त्यातली व्यंजने उलटून फारसीत ‘चर्ख’ झाले, आणि त्यापासून चरखा हा शब्द आपल्याकडे आला. उसाचा रस काढतो तो चरकही. १९३१ साली राष्ट्रसभेने स्वीकारलेल्या तिरंग्यावर चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी घटनासमितीने ध्वज ठरविला, तेव्हा चरख्याच्या जागी अशोकाचे चक्र आले, आणि ठरावात असे नमूद झाले, की हे चक्र चरख्याचे द्योतक आहे. घटनासमितीच्या सभासदांच्या मनात त्या वेळी भाषाशास्त्र असेल असे नाही. पण त्यांचा ठराव भाषाशास्त्रदृष्ट्याही बिनचूक आहे. चक्र आणि चरखा हा एकच शब्द आहे. एक संस्कृतातून घरीच वाढला, दुसरा इराणात राहून मुसलमानी अमलात फारसीबरोबर परत आला. यांपैकी कोणता आपला आणि कोणता परका? ज्या हातांनी सूत काढले त्या हातांना हा प्रश्न पडला नाही.

श्रोतेहो, आपल्या भाषेत घरचे चाक आहे, देवघरातले चक्र आहे, इराणातून आलेला चरखा आहे, ग्रीसमधून निघालेली सायकल आहे. हे वैभव आहे, आणि ते वैभव एकाच कुळाचे आहे. ते कूळ शब्दांचे आहे. त्याला माणसांचे कूळ करू नये. कोणी भव्य व्युत्पत्ती सांगू लागला तर त्याला आपण दोनच प्रश्न विचारावेत: नियम कोणता, आणि तारा कोठे? एवढी सवय या गावातल्या श्रोत्यांना लागली तर आमचे येथे येणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.